वॉलरसच्या हिरड्या

माझ्या साडूंचा वॉलरस मी व्हिनेगरमध्ये बुडवला तो शनिवारी दुपारी सव्वातीनला. रविवारी दुपारी झाकण काढून पाहिलं, तर बादलीत वॉलरस नव्हता. हिरड्या होत्या.

पहिला विचार मनात आला तो असा की, बादली बदलली असावी. माणसाच्या हातून गुन्हा घडला की तो आधी भांड्यावर संशय घेतो. मी आजूबाजूला दुसरी बादली शोधली. नव्हती. मग चिमट्यानं ढवळून पाहिलं. तळाशी गुलाबी रंगाचे नऊ-दहा वेडेवाकडे तुकडे, आणि एक वाटीएवढं पांढरं पोट. पोटाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. भिजलेल्या खडूत जावं तसं.

आता हा वॉलरस म्हणजे काही खराखुरा नव्हे. खरा वॉलरस बर्फात राहतो, त्याला मिश्या असतात, दोन लांबलचक सुळे असतात आणि चेहरा नुकतंच भरपेट जेवण झाल्यासारखा असतो. हा शिंपल्यांचा होता. वीतभर उंच, डोक्यावर टोपी, खांद्याला टपालाची पिशवी. साडूंनी शिंपल्याला शिंपला जोडून केलेला. साडू आणि मेहुणी तीन दिवस मुलीकडे गेले होते आणि त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे होती. एकाच इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. किल्ली देताना मेहुणीनं बजावलं होतं, "भावोजी, झाडांना पाणी. बाकी कशालाही हात नाही."

मी झाडांना पाणी घातलं. मग खिडकीतल्या उन्हात तो वॉलरस दिसला. पोटावर पिवळट झाक, पिशवीवर हिरवट डाग. मला वाटलं, पुढच्या रविवारी ह्याला एवढ्या महत्त्वाच्या कामाला जायचंय, जरा चकाचक दिसायला हवा. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई परवाच सांगत होत्या की, व्हिनेगर घातलं तर चहाची किटली आरशासारखी होते. साफसफाईचं कडक व्हिनेगर साडूंच्याच मोरीत होतं. म्हटलं, परत आल्यावर साडूंना चकित करावं.

शिंपला आणि आम्ल एकत्र आले की काय होतं, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. त्या दिवशी मी वर्गात हजर होतो, हेही मला आठवतं. काय शिकवलं तेवढंच आठवत नाही.

आणखी लाजेची गोष्ट अशी की, नुकसान हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी विमा कंपनीत आहे. कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या घरात नळ फुटला, की मी वही घेऊन जातो आणि अहवाल लिहितो. प्रत्येक अहवालात माझं एक ठरलेलं वाक्य असतं: 'सदर नुकसान निष्काळजीपणामुळे झाले असून ते टाळता आले असते.' बावीस वर्षं मी हे वाक्य लोकांच्या तोंडावर मारतोय. त्या बादलीपुढे उभा राहिलो तेव्हा ते कुणीतरी मला मोठ्यानं वाचून दाखवतंय असं वाटलं.

साडू म्हणजे एकाच सासऱ्यानं दोनदा घेतलेली जोखीम. त्यातली पहिली फळाला आली. आमचे सासरे होते तोवर मोठ्या जावयाची ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. हातात कला आहे." मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "आणि हेही जावईच."

साडूंचा धंदा कवळ्या करण्याचा. दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे बोळात उघडणारी एक खोली, तिच्यात एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतो आणि मागे पाठवतो. त्या ठशावरून साडू साचा करतात, मेणात दात बसवून पाहतात, मग गुलाबी अॅक्रिलिकच्या हिरड्या ओततात. छत्तीस वर्षं हेच. सगळ्या गावाची तोंडं ह्या माणसाच्या हातून गेली, पण स्वतःचं तोंड तो क्वचितच उघडतो. दिवसाला पंचवीस शब्द पुरवून वापरतो, आणि त्यातले वीस मेहुणीच्या प्रश्नांना 'हं' म्हणण्यात जातात.

ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. आमचं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा चांगली छाप पडेल असं बोललो. घर, नोकरी, देश-परदेश, सगळं. ते माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. मला वाटलं, मोठ्या जावयाला बोलणं भावलेलं दिसतंय. माझं संपल्यावर ते म्हणाले, "झोपेत दात खाता."

ही गोष्ट माझ्या बायकोलाही नंतर कळली.

एकदा बाजारात एक बाई आमच्याकडे पाहून हसल्या. मी विचारलं, "ओळखीच्या का?" साडू म्हणाले, "खालची माझी आहे."

प्लास्टर घट्ट व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत दुसरा माणूस विडी ओढेल, पेपर वाचेल. साडू बोळातून मागच्या समुद्रकिनाऱ्यावर चक्कर मारायचे. एक दिवस त्यांना बदकाच्या चोचीसारखा शिंपला सापडला. टेबलावर उरलेल्या गुलाबी अॅक्रिलिकनं त्यांनी तो दुसऱ्या शिंपल्याला जोडला आणि स्टेशनमास्तर बदक झालं. मग शेळी झाली. मग शेळीची सासू. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'टपालराव' नावाचं कार्टून लागायचं, त्यातली ही सगळी मंडळी. टपालराव म्हणजे पोस्टमन वॉलरस. प्रत्येक पत्र चुकीच्या घरी टाकायचा आणि वर उभा राहून वाचूनही दाखवायचा. आम्ही पोरं हसून लोळायचो. मोठे झालो, विसरलो. साडू विसरले नाहीत.

त्यांच्या घरातली एक अख्खी खोली टपालरावाची आहे. कंपासपेट्या सात. पाण्याची बाटली एक, पट्टा तुटलेली. टपालरावाचं तोंड असलेला दात घासायचा ब्रश, कधीही न वापरलेला. आणि एका कपाटाचं दार. नुसतं दार. भंगारवाल्याकडे कपाट पडलं होतं, दारावर कुण्या पोरानं टपालरावाची एकतीस स्टिकरं चिकटवलेली. स्टिकर सोलताना फाटलं असतं, म्हणून साडू बिजागऱ्या काढून दारच घेऊन आले. बसमधून.

"कंडक्टरनं विचारलं, कपाट कुठंय?" मेहुणी सांगते. "हे म्हणाले, नको होतं."

मेहुणीची तक्रार नाही असं नाही. "घरात पाहुण्याला टेकायला जागा नाही, पण शेळीच्या सासूला स्वतंत्र काच आहे. माझ्या सासूलासुद्धा एवढं नव्हतं." पण हे बोलता बोलता ती काच पुसत असते.

आता ह्या सगळ्या पसाऱ्यात एकच वस्तू नव्हती, आणि साडूंना खरी हवी होती तीच. टपालरावाचं पत्र्याचं, चावीचं खेळणं. चावी दिली की तीन पावलं चालतं आणि हातातला शिक्का खाली आपटतं. साडूंनी ते कधीच पाहिलेलं नव्हतं. ऐकलं होतं. नऊ वर्षांचे असताना पाय मोडून ते चार महिने अंथरुणावर होते. खाट भिंतीला लागून. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणाकडे तरी ते खेळणं होतं. रोज संध्याकाळी भिंतीतून यायचं, टिक टिक टिक ठक. पोरानं ठरवलेलं, पाय बरा झाला की पहिलं पलीकडे जायचं आणि बघायचं. प्लास्टर निघायच्या आठवडाभर आधी शेजाऱ्यांनी बिऱ्हाड हलवलं.

हे साडूंनी मला सांगितलेलं नाही. मेहुणीला सांगितलं, तेही लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. "बाकी सगळं जमवलं हो," ती म्हणाली होती, "पण त्या खोलीतलं एकही वाजत नाही."

आणि ते खेळणं गावातच निघालं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. हे घड्याळवाले वस्तू विकत नाहीत, वस्तूच्या बदल्यात वस्तू देतात. दोन वर्षं साडू त्यांच्याकडे काय काय घेऊन जात होते. कंपासपेट्या नेल्या, नको. दार नेलं, पुन्हा बसमधून, नको. निदान एकदा चावी द्या, ऐकू द्या, म्हणाले. तर उत्तर आलं, "सौदा झाल्याशिवाय चावी नाही. चावी दिली की स्प्रिंग झिजते." मग एक दिवस घड्याळवाल्यांची कवळी टोचायला लागली. ते दवाखान्यामागच्या खोलीत आले, टेबलावर शिंपल्यांचा वॉलरस पाहिला, आणि तोंडात कवळी नसतानाच म्हणाले, "हा द्या, तो घ्या."

त्या वॉलरसला साडूंना चौदा महिने लागले होते. शिंपला घासायचा नाही, कापायचा नाही, रंगवायचा नाही, असा त्यांचा नियम. समुद्रानं दिला तसाच बसला पाहिजे. पोटासाठी गणवेशासारख्या पट्ट्यांचा शिंपला. सुळ्यांसाठी नळीसारखे, किंचित वाकडे, सारख्या लांबीचे दोन. अदलाबदल ठरली येत्या रविवारी. मधल्या दिवसांत तो घरी आणून खिडकीत ठेवला होता.

आणि मी तो बादलीत ठेवला.

बादली घेऊन मी चौथ्या मजल्यावर आलो. बायकोनं आत डोकावून विचारलं, "अगंबाई, कुणाची कवळी?"

"कवळी नाही. टपालराव."

ती बादलीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "ताईनं काय सांगितलं होतं?"

"झाडांना पाणी."

"आणि?"

"बाकी कशालाही हात नाही."

"मग?"

"हात नाही लावला. चिमट्यानं उचलला."

ती खुर्चीवर बसली. हसू दाबतेय की रडू, हे लग्नाला एकवीस वर्षं होऊनही मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, "चोरी झाली म्हणून सांगू या का? चोरीचे अहवाल मी बरे लिहितो."

"हो का! आणि चोर हिरड्या ठेवून गेला? उद्या ते आले की खाली जायचं आणि सांगायचं. मी सांगणार नाही. तुमच्या तोंडानं सांगा. एरवी चालतं ना चोवीस तास."

सोमवारी संध्याकाळी मी बादली घेऊन खाली गेलो. भाषण तयार केलं होतं. सुरुवात मी ऑफिसच्या किटलीपासून केली. टायपिस्टबाईंचा स्वभाव सांगितला. हेतूची शुद्धता ह्या विषयावर दोन मिनिटं बोललो. साडू नेहमीप्रमाणे माझ्या दातांकडे बघत होते. मेहुणीनं मध्येच येऊन बादलीचं झाकण उचललं आणि माझं भाषण तिथंच संपलं.

"अहो भावोजी! चौदा महिने! चौदा महिने हा माणूस वाळूत वाकून चालला. मला वाटायचं, कंबरेचं काही झालंय. आता रविवारी काय घेऊन जायचं तिकडे? ही बादली?"

मी मान खाली घातली. बायकोनंही घातली, पण मला खात्री आहे की ती माझ्या बाजूनं नव्हती.

साडूंनी एक गुलाबी तुकडा उचलला. दिव्याखाली धरला. डोळ्याला भिंग लावलं.

"किती वेळ?"

"बावीस तास."

"पाणी घातलं होतंत?"

"छे! अगदी निव्वळ," मी जरा अभिमानानंच म्हणालो. सवय.

"हं."

त्यांनी एकेक करून सगळे तुकडे टेबलावर मांडले. फडक्यानं टिपले. उलटे केले, सुलटे केले. पाच मिनिटं गेली असतील. कुणी खून झालेल्या माणसाच्या घरी बसावं तसे आम्ही बसलो होतो.

"ठसा आहे," साडू म्हणाले.

मला काही कळलं नाही. मेहुणीला कळलं. तिनं डोळे पुसले आणि मला समजावलं. शिंपले विरघळले, पण अॅक्रिलिकला व्हिनेगरनं काही होत नाही. त्यामुळे जिथे जिथे शिंपला चिकटवला होता, तिथे तिथे गुलाबी हिरडीत त्याचा हुबेहूब ठसा उरला होता. रेघ न् रेघ. बोळक्या तोंडाचा ठसा घेऊन त्यावर दात बसवणं हेच तर साडूंचं छत्तीस वर्षांचं काम. आता कुठला शिंपला हवा, किती वाकडा, किती रुंद, हे शोधत बसायचं नव्हतं. हिरडीच सांगणार होती.

"उद्या सकाळी सहाला किनाऱ्यावर या," साडू मला म्हणाले.

"मी?"

"बूट घाला."

मंगळवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात वरच्या ओठाचा तुकडा ठेवला. दोन भोकांचा, सुळ्यांचा. सगळ्यात सोपा म्हणून मला दिला असावा. म्हणाले, "ह्यात बसेल तो आणा. जवळपास बसेल तो नको." आणि स्वतः पोटाचा तुकडा घेऊन खडकांकडे निघून गेले.

आता तुम्ही हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ. ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, पन्नाशीचा, टक्कल पडू लागलेला एक इसम. उजव्या हातात अर्धी गुलाबी कवळी. वाकून वाळूत काहीतरी शोधतोय, मध्येच पांढरं काहीतरी उचलतोय, कवळीत बसवून बघतोय, फेकून देतोय.

पहिल्यांदा एक पळणारे गृहस्थ थांबले. "काका, काही हरवलं का?"

"हरवलं असं नाही. दोन सुळे शोधतोय."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि आवाज एकदम हळवा केला. "अरेरे! पोहताना पडले का?"

मी खुलासा करणार होतो. पण 'वॉलरसचे आहेत' हे वाक्य सकाळी सव्वासहाला अनोळखी माणसाला कसं सांगायचं? तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "ओ मंडळी! जरा इकडे या. ह्यांचे दात गेलेत."

मंडळी आली. रोज सकाळी तिथं व्यायामाला जमणारा एक गट होता, तो सगळाच्या सगळा आला. कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, "लाट आली की तोंड मिटून घ्यायचं हो. एवढंही कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"बाई, माझे दात आहेत. हे बघा." मी दात दाखवले.

"बरे आहेत की. मग मागचे गेलेत का?"

एक आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर सोडू नका. माझीही गेली होती. तिसऱ्या दिवशी भरतीनं आणून दिली."

"तुमचीच?"

"तेव्हा कुठं एवढं बघितलं? बसली, घातली."

पुढचे चार दिवस हेच. मी पोचायच्या आधी लोक वाळूत वाकलेले. "दातवाले आले," असं एकमेकांना सांगायचे. काय काय आणून देत होते! खडे, हाडं, बटणं, एक पांढरा खोडरबर. गुरुवारी तर एकानं खरीखुरी कवळी आणून दिली. मी ती धावत साडूंकडे नेली. त्यांनी लांबूनच पाहिली. "माझी नाही. काम कच्चं आहे."

शुक्रवारी त्या कुत्रेवाल्या बाईंनी ओंजळ पुढे केली. "हा बघा, हा तुमचाच असणार. असा पिवळा." तिच्यात एक नळीसारखा, किंचित वाकडा शिंपला होता. मी तो हिरडीत घातला. आत गेला, जरासा फिरला आणि खट् करून बसला. मी बाईंच्या समोर वाळूत अक्षरशः नाचलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, "आता तोंडात घालून दाखवा."

दुसरा सुळा शनिवारी मिळाला, पण तो नखभर आखूड निघाला. साडूंनी त्याला मोजून पाहिलं. मी म्हटलं, "मोठा जरा घासा ना. मशीन आहेच तुमच्याकडे. कोणाला कळणारेय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून पुढे बोललो नाही. त्या आठवड्यातला हा एक विक्रम.

शनिवारची अख्खी दुपार त्यांच्या कामाच्या खोलीत गेली. माझ्याकडे दिवा धरायचं काम होतं. बाकीचे शिंपले त्यांनी स्वतः शोधले होते, मिश्यांचे काटे, टोपीचा टोपीसारखाच शिंपला, पिशवी. पोटाला पट्टे होते, पण पहिल्याइतके ठळक नव्हते. एकेक शिंपला ते आपल्या जागी नेत, श्वास रोखत, दाबत, आणि मनात आकडे मोजत. ओठ हलत होते म्हणून मला कळलं. एकदा माझा हात हलला, दिवा हलला. "टेकवा," ते म्हणाले. मी दिवा टेकवला. "दिवा नाही. हात."

संध्याकाळी टपालराव उभा राहिला. मला तर पहिल्यापेक्षा देखणा वाटला. पण मी नुकसान करणारा पक्ष होतो. माझ्या मताला किंमत नव्हती.

रविवारी आम्ही दोघं घड्याळवाल्यांकडे गेलो. मला नेणार नव्हते, पण मेहुणीच म्हणाली, "न्या ह्यांना. तिथं काही विचारलं तर निदान ह्यांना तोंड आहे." वाटेत मी काय सांगायचं ते ठरवून टाकलं. हवेतला दमटपणा, शिंपल्यांचं नैसर्गिक आकुंचन, वगैरे. अशी कारणं आमच्याकडे रोज येतात. कुठली खपतात आणि कुठली खपत नाहीत, मला तोंडपाठ आहे.

दुकान म्हणजे दोन माणसं आली की तिसऱ्यानं बाहेर जावं एवढं. तिन्ही भिंतींवर घड्याळं, सगळी चालू. मागे एक खोली, मध्ये लाकडी दार. घड्याळवाल्यांनी टपालरावाला काचेवर उभं केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याला सावकाश फिरवलं. साडू उभे होते. त्यांचे हात पाठीमागे होते आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातानं इतका घट्ट धरलेला की नख पांढरं पडलं होतं. ते मला एकट्याला दिसत होतं.

"हा तो नाही," घड्याळवाले म्हणाले.

"त्याचं असं आहे," मी सुरू केलं, "दमट हवेत शिंपला जरा..."

"ह्यांनी तो व्हिनेगरमध्ये घातला," साडू म्हणाले. "हा नवीन."

"डावा सुळा आखूड."

"हो."

"हिरड्या?"

"त्याच."

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, म्हणजे व्हिनेगरवाला माणूस दिसतो तरी कसा, तेवढ्याचसाठी. मग ड्रॉवर उघडून पत्र्याचा टपालराव बाहेर काढला. आमच्यासमोर ठेवला नाही. हातातच धरून बसले.

मला वाटलं, आता तो परत ड्रॉवरमध्ये जाणार. नखभर सुळ्यानं सगळं घालवलं. आणि सुळा घासायला तयार नसलेला हा माणूस आता खरंही बोलून बसला होता.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मीही सांगतो," घड्याळवाले म्हणाले. "माझ्याकडे आला तेव्हा ह्याची स्प्रिंग तुटलेली होती. मी दुसरी घातली. एक दातेरी चाकही बदललंय."

साडूंचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. "मग आवाज?"

"मूळचा आवाज मी ऐकलेला नाही. मला कसं कळणार?"

चाळीसपंचेचाळीस वर्षं एक माणूस एका आवाजासाठी थांबलेला, आणि तो आवाज आत आहे की नाही हे जगात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

साडू म्हणाले, "आत जाऊन चावी द्या. दार लावून."

घड्याळवाले उठले. भिंतीवरच्या घड्याळांचे लोलक एकेक करून बोटानं थांबवले. दुकानातली टिकटिक थांबत थांबत अगदी बंद झाली. मग ते खेळणं घेऊन मागच्या खोलीत गेले आणि दार लागलं. साडूंनी स्टूल ओढलं, भिंतीला खेटून बसले आणि कान भिंतीला लावला. एक पाय त्यांनी समोर सरळ पसरला होता.

आतून चावी फिरल्याची करकर आली. मग टिक टिक टिक. साडूंचं बोट मांडीवर वर उचललं गेलं आणि खाली आलं. आणि त्याच्या नंतर, केसभर नंतर, आतून आलं ठक.

पुन्हा टिक टिक टिक. पुन्हा बोट आधी, ठक मागून.

अशा वेळी इतर माणसं गप्प होतात. माझं उलट आहे. "साडूभाऊ," मी म्हटलं, "तोच ना हो? तोच आहे ना? तुमचं बोटच सांगतंय. अहो, माझ्या अंगावर काटा आलाय बघा. ताईंना आताच्या आता कळवू का? आणि काय हो, आतलं चाक बदललंय तरी तस्सा आवाज येतो म्हणजे कमाल आहे, नाही का? काय वाटतंय तुम्हाला, अगदी मनातून सांगा!"

आतला आवाज मंदावत गेला आणि थांबला. साडूंनी भिंतीवरून कान काढला.

"पुन्हा चावी द्यायला सांगा, आणि तुम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहा."